पाहुण्या पोरांचं मैदान

दिवाळीच्या सुटीत मुंबईला येणाऱ्या कुटुंबाची यादी साधारण ठरलेली असते. गेटवे, राणीची बाग, म्हातारीचा बूट, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, संध्याकाळी चौपाटीवर भेळ. काहींच्या यादीत अजून तारापोरवाला मत्स्यालयही असतं, आणि ते बंद आहे हे मरीन ड्राइव्हला टॅक्सीतून उतरल्यावर कळतं. ही यादी मोठ्यांनी केलेली असते आणि ती पाहायच्या गोष्टींची असते. सहा वर्षांच्या मुलाला पाहण्यात फारसा रस नसतो. दुपारपर्यंत ते कळ काढतं, गेटवेपुढे फोटोला उभं राहतं, आणि मग कुठल्या तरी फुटपाथवर बसकण मारून आता चालणार नाही म्हणून जाहीर करतं. मोठी माणसं म्हणतात, दमलं बिचारं. ते दमलेलं नसतं. सकाळपासून कोणी पळू दिलेलं नसतं.

माझं घर माटुंग्यात आणि माहेर अंबाजोगाईचं, त्यामुळे मे महिना आणि दिवाळी या दोन मोसमांत घरात भाचरं असतात. गावाकडच्या मुलाला दार उघडलं की अंगण आणि अंगणापुढे गल्ली, एवढं माहीत असतं. इथे दार उघडलं की लिफ्ट. खाली उतरलं तर गाड्या लावलेल्या आणि भिंतीवर सोसायटीची पाटी : आवारात चेंडू खेळण्यास सक्त मनाई. तेव्हा मुंबईत आलेल्या पाहुण्याला कुठे काय खावं हे सांगणारे शंभर जण भेटतात, पण मुलाला कुठे सोडावं हे सांगायला कोणी नसतं. या लेखापुरती मी ती जबाबदारी घेते.

आधी एक फरक ध्यानात घ्यायला हवा. पालिकेच्या दप्तरी बाग वेगळी आणि मैदान वेगळं. बागेत हिरवळ, कारंजं, फिरायची फरसबंद वाट, एका कोपऱ्यात घसरगुंडी आणि झोपाळे, आणि हिरवळीवर चालू नये अशी पाटी. मैदानात माती. पाहुणे बाग शोधतात, कारण ती छायाचित्रात चांगली दिसते. माझं मत उलटं आहे. तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलाला बाग ठीक. पाचाच्या पुढच्या मुलाला मैदान हवं, मग त्यात एकही खेळणं नसलं तरी चालेल. मुंबईच्या बागांतली खेळणी आता एकाच साच्यातून निघाल्यासारखी आहेत : लाल-पिवळी फायबरची घसरगुंडी, तिला जोडलेला जिना, वर छप्पर, खाली रबराची फरशी. बोरिवलीत तीच, मुलुंडमध्ये तीच, आणि आता लातूर-नांदेडातही तीच. तिच्यासाठी आठ-दहा तासांचा प्रवास करून यायची गरज नाही.

आता ही मैदानं कुठे आहेत ते पाहू. मुंबईत एका माणसामागे दोन चौरस मीटरही वापरण्याजोगी मोकळी जागा येत नाही, हे अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. पण ही टंचाई सगळीकडे सारखी नाही. दादर, माटुंगा, शीव या पट्ट्यात पावला-पावलावर बाग आहे, आणि तिथून चार स्टेशनं पलीकडे कुर्ला-गोवंडीत मुलं रस्त्यावर खेळतात. याचं मूळ प्लेगात आहे. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. आकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. दाटीवाटीच्या, उजेड-वारा नसलेल्या चाळींत साथ पसरली, शहर जवळजवळ अर्धं रिकामं झालं. मग सरकारने १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. या ट्रस्टने पाडापाडी बरीच केली आणि त्याबद्दल त्याला नावंही ठेवली गेली. पण शहराच्या उत्तरेला दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या योजना आखताना त्याने रस्ते रुंद ठेवले आणि घरांच्या मधे मोकळ्या जागा सोडल्या. दादर पारशी कॉलनीतली पाच बागांची जोडणी, म्हणजे आपलं फाइव्ह गार्डन्स, त्याच आखणीतलं. कॉलनी उभी करणाऱ्या मंचरजी जोशींचं नाव तिला आहे. आज तिथे संध्याकाळी एका बागेत बॅडमिंटन, दुसऱ्यात झोपाळे, तिसऱ्यात नुसतेच गप्पा मारणारे कॉलेजचे घोळके असतात. बागांमधून रस्ते जातात, एवढं सांभाळायचं.

याच्या उलट गोष्ट गिरणगावाची. गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत तरतूद होती की गिरणीची जमीन विकसित करताना तिचा एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला. सुमारे सहाशे एकरांचा तो हिशेब होता. २००१मध्ये नियमात बदल झाला : वाटणी करायची ती फक्त गिरणीच्या आवारातल्या आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची, बांधकामाखालची सोडून. प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाने बदलाविरुद्ध निकाल दिला आणि मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. परळ-लोअर परळच्या टॉवरांखाली आज पाहुण्या मुलाला मैदान सापडत नाही, याचं कारण इतकं साधं आणि लेखी आहे.

म्हणून मुंबईत मुलांना घेऊन उतरायचं असेल आणि निवड हातात असेल, तर मी दादर-माटुंगा सांगते. मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्गांच्या लोकल जवळ, आणि चालत जाण्याच्या टप्प्यात शिवाजी पार्क.

शिवाजी पार्क सुमारे अठ्ठावीस एकरांचं आहे. १९२५मध्ये ते लोकांना खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. दोन वर्षांनी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते शिवाजी पार्क झालं. सभा, मेळावे, क्रिकेट हे सगळं सर्वांना माहीत आहे. मुलाला घेऊन जाणाऱ्याला वेगळी माहिती लागते. मैदानाला चारी बाजूंनी कट्टा आहे, एक किलोमीटरहून जास्त लांब. आजी-आजोबांनी त्यावर बसायचं आणि मुलाला आत सोडायचं. मैदान इतकं मोकळं आहे की लाल टीशर्ट घातलेलं पोर दुसऱ्या टोकाला गेलं तरी दिसतं. (टीशर्ट खरंच लालभडक घालावा. पांढरा अजिबात नको, तिथे सगळीच मुलं क्रिकेटच्या पांढऱ्या कपड्यांत असतात.) नेटच्या मागून जाताना चेंडूकडे लक्ष ठेवायचं, कारण लेदर बॉल लागतो. ऑक्टोबरच्या वाऱ्यात लाल माती उडते. आसपासचे रहिवासी त्या धुळीबद्दल कैक वर्षं तक्रार करत आहेत आणि ती रास्त आहे. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला सकाळी न्यावं, माती दवाने बसलेली असते तेव्हा.

याच मैदानाच्या कडेला श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. इथला मल्लखांब पाहिल्याशिवाय मूल परत नेऊ नये, असं मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. खांबावर, दोरीवर सात-आठ वर्षांच्या मुली उलट्या लटकतात, सुटतात, परत पकडतात. इथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. पाहुण्या मुलाला कोणी खांबावर चढवणार नाही, पण तासभर ते जागचं हलत नाही, आणि घरी गेल्यावर पडद्याच्या दांडीची काळजी घ्यावी लागते.

मैदान सापडलं तरी खरा प्रश्न तिथे सुरू होतो. मैदानातली मुलं आधीच खेळत असतात. त्यांचे भिडू ठरलेले, नियम ठरलेले, कोणत्या झाडाला चेंडू लागला की आउट हेही ठरलेलं. बाहेरगावचं मूल कडेला उभं राहून बघतं आणि आईचा हात ओढतं. इथे बहुतेक पालक एकाच पद्धतीने वागतात : स्वतः पुढे होऊन सांगतात, याला पण घ्या रे. ती मुलं घेतात, मोठ्या माणसाच्या भिडेने, आणि पाच मिनिटांत त्याला अशा जागी उभं करतात जिथे चेंडू कधी येत नाही.

बरीच वर्षं हा प्रकार पाहून मला जे दिसलं ते असं. क्रिकेटमध्ये शिरकाव सर्वांत अवघड, कारण तिथे पाळी वाटून घ्यावी लागते. फुटबॉलमध्ये सोपा, एक पोर जास्त झाल्याने काही बिघडत नाही. लगोरी, साखळी, डबा ऐसपैस चालू असेल तर सर्वांत सोपा, कारण जितके जास्त तितकी मजा, आणि लहान असेल तर लिंबूटिंबू म्हणून घेतात, त्याच्यावर राज्य येत नाही. सोबत स्वतःचा चेंडू असला तर अर्धं काम होतं. रबरी, हलका, आणि हरवला तरी चालेल असा. पालकांनी कट्ट्यावर जाऊन बसावं आणि दुसरीकडे बघावं. मूल वीस मिनिटं नुसतं उभं राहील. राहू द्यावं. बहुतेक वेळा चेंडू कधी तरी त्याच्या पायाशी येतो.

भाषेची अडचण पुष्कळांना वाटते. मैदानावर मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी यांची सरमिसळ चालते आणि आमच्या मराठवाडी मुलांना तिथे पहिल्या दिवशी हसतातही. दुसऱ्या दिवशी तीच मुलं यांचे शब्द उचलून नेतात.

आता म्हातारीचा बूट. तो टाळा असं मी म्हणणार नाही, कारण मलबार हिलचं कमला नेहरू पार्क १९५२पासून मुंबई पाहायला आलेल्या प्रत्येक मुलाने पाहिलंय, आणि आईवडिलांना आपल्या लहानपणचा बूट मुलाला दाखवायचाच असतो. सोली आर्सीवाला यांनी तो एका इंग्रजी बालगीतावरून घडवला. पण ही बाग पाहायची आहे, खेळायची नाही. बुटात चढायला सुटीच्या दिवशी रांग, वरून दोन मिनिटं चौपाटीचा देखावा, की खाली. समोरच्या हँगिंग गार्डनला प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं आहेत. त्या बागेच्या पोटात १८८०च्या दशकात बांधलेला पाण्याचा मोठा साठा आहे आणि दक्षिण मुंबईला आजही तिथून पाणी जातं. आपण पाण्याच्या टाकीच्या छपरावर उभे आहोत हे सांगितलं की मुलं जमिनीला कान लावतात. आता कमला नेहरू पार्कच्या मागच्या उतारावर झाडांमधून जाणारा लाकडी उन्नत मार्ग झालाय, २०२५च्या मार्चअखेरीस सुरू झालेला, ४८५ मीटरचा. त्याला तिकीट आहे आणि वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. पळायला मनाई आहे, पण पायाखालच्या काचेतून खाली जंगल दिसतं. तासाभराला पुरतं.

त्याच दिवशी खेळायला काही हवं असेल तर टेकडी उतरून गवालिया टँकला जावं. ८ ऑगस्ट १९४२ला ‘छोडो भारत’ची हाक दिली गेली ते ऑगस्ट क्रांती मैदान. स्मारकाजवळ फोटो काढणारे असतात आणि पलीकडच्या भागात मुलं मनसोक्त खेळत असतात. इतिहासाचा तास एक मिनिटात उरकावा, बाकी वेळ खेळाला.

राणीची बाग १८६२पासूनची. आता पेंग्विन आहेत, मोठमोठे काचेचे पिंजरे आहेत, आणि गर्दी. बुधवारी बंद असते आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद असतं, हे न कळल्याने फाटकाशी हिरमुसलेली कुटुंबं दर आठवड्याला दिसतात. तिथली जुनी झाडं मला प्राण्यांहून आवडतात, पण मुलांना हे पटत नाही.

ज्या जागेबद्दल मला सांगावंसं वाटतं आणि जी पाहुण्यांच्या यादीत खालून दुसरी असते, ती वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. लोक आत वातानुकूलित दालनांत जातात आणि बाहेरचं अंगण राहून जातं. खरं तर अंगणच आधीचं. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं, त्या वर्षी इथे उघड्यावरचं विज्ञान उद्यान झालं. आतलं केंद्र १९८५मध्ये आलं. एका टोकाला कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला ऐकू येणाऱ्या मोठ्या ताटल्या, कप्प्यांवर आपणच आपल्याला वर ओढायची खुर्ची, जुनी ट्राम, वाफेचं इंजिन, विमान. हात लावू नये अशी पाटी नाही. मुलाला विज्ञान समजावून सांगायच्या भानगडीत पडू नये. त्याने ते यंत्र पंधरा वेळा फिरवलं की त्याचं त्याला जे कळायचं ते कळतं.

मुंबईला येणारे सगळेच मजेला येत नाहीत. परळला टाटा रुग्णालय आहे, केईएम आहे, आणि विदर्भ-खानदेश-मराठवाड्यातून इथे येणाऱ्या कुटुंबांबरोबर आजारी माणसाशिवाय एखादं धडधाकट पोरही असतं, कारण गावी ठेवायला कोणी नसतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशी कुटुंबं महिनोन्महिने राहतात. ती मुलं सकाळी रांगेत, दुपारी रांगेत, संध्याकाळी खोलीत. त्यांच्यासाठी बूट आणि पेंग्विनपेक्षा चालत पाच-दहा मिनिटांवरची जागा महत्त्वाची. परळचं कामगार मैदान आहे. सेनापती बापट मार्गाच्या उड्डाणपुलाखाली २०२२मध्ये बसायची बाकं, झाडं आणि रंगीत फरशी असलेला एक पट्टा तयार झाला, पुलाचीच सावली, त्यामुळे भर दुपारीही बसता येतं. माटुंग्यात आंबेडकर मार्गाच्या पुलाखाली तर २०१६पासून नानालाल मेहता उद्यान आहे : सहाशे मीटरची वळणावळणाची वाट, नर्मदेच्या पात्रावरून आखलेली. दोन्ही बाजूंनी बस धावतात, धूर आहे, तरी तीनचाकी सायकल चालवायला शिकणारी मुलं तिथे कायम दिसतात. पुलाखाली बाग ही कल्पना मला सुरुवातीला दरिद्री वाटली होती. पण पावसाळ्यात सगळी मैदानं चिखल झालेली असताना कोरडी जमीन तीच.

मॉलमधल्या प्ले झोनबद्दल लवकर सांगून टाकते. तासाचे पैसे, वर मोजे विकत, आत कर्कश संगीत, आणि आई-बाप काचेबाहेर फोनवर. पाऊस कोसळत असेल तर नाइलाज. मैदानांच्या जागी उगवलेल्या टर्फचंही तेच; तासाच्या भाड्याने जाळीत खेळायचं, आणि भाडं दहा जणांत वाटायला दहा ओळखीची मुलं लागतात, जी पाहुण्याकडे नसतात. सार्वजनिक मैदानं खासगी संस्थांना सांभाळायला द्यावीत की नाही, यावरून २०१६च्या सुमारास पालिकेत मोठा गदारोळ झाला होता. ज्या जागा अशा दिल्या गेल्या त्यांतल्या काहींचं पुढे काय झालं हे पाहायचं तर फाटकावरची ‘फक्त सभासदांसाठी’ ही पाटी वाचावी.

काही बारीकसारीक गोष्टी. पुष्कळ बागा दुपारी बंद असतात. वेळ फाटकावर लिहिलेली असते, पण कुलूप माळ्याच्या सोयीने लागतं. झोपाळ्यावर बसवण्याआधी साखळीच्या वरच्या कड्या बघाव्यात, झिजून पातळ झालेल्या दिसतात. घसरगुंडी लोखंडी असेल तर आधी हाताचा पंजा टेकवून पाहावा, ऑक्टोबरच्या उन्हात मांड्या भाजतात. जमिनीवर रबर असलं तरी ते सांध्यांत उखडलेलं नाही ना, हे बघावं. सहानंतर डास. पाण्याची बाटली घरून. स्वच्छतागृहाला बहुतेक वेळा कुलूप असतं, तेव्हा जवळचं उडप्याचं हॉटेल हेरून ठेवावं आणि इडली तिथेच खावी, दोन्ही कामं होतात.

समुद्राची वाळू हे मुंबईतलं सर्वांत मोठं फुकट खेळणं. गिरगाव आणि जुहू दोन्हीकडे संध्याकाळी वाळूत खणणारी मुलं असतात. भरतीची वेळ पाहून जावं. पावसाळ्यात जुहूला निळसर, फुग्यासारखे दंश करणारे जीव वाहून येतात, ते मुलं हमखास उचलायला जातात. मालाडजवळच्या अक्सा किनाऱ्यावर पाण्यात उतरू देऊ नये. तिथे दर वर्षी माणसं बुडतात.

आणि दिवाळीत आलात तर शोधायची जागा वेगळीच. दादर, गिरगाव, विलेपार्ले, गोरेगावच्या जुन्या वसाहतींत, चाळींच्या चौकांत मुलं अजून किल्ले करतात. माती कुठल्या तरी बांधकामावरून पोत्यातून आणलेली, दगड फुटपाथच्या कामातून पळवलेले, वर आळीव पेरलेला. २०२५च्या जुलैत मराठा लष्करी वास्तूंतले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेल्यावर शिवनेरी-प्रतापगडाच्या प्रतिकृतींना ऊत आलाय, पण पोरांच्या हातून निघतो तो किल्ला शेवटी त्यांचाच असतो. इथे पाहुण्या मुलाला शिरकाव मागावा लागत नाही. माती कालवायला हात कमीच पडतात, आणि गावाकडून आलेल्याला चिखल किती घट्ट हवा हे मुंबईच्या मुलांपेक्षा जास्त कळतं. आमच्या अंबाजोगाईच्या पोराने एका वर्षी सोसायटीच्या किल्ल्याची तटबंदी शेण घालून पक्की करायचा आग्रह धरला. शेणासाठी माटुंग्यात निघालेली ती मोहीम हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मात्र लहान मुलाला मैदानात नेऊ नये, धूर आणि बाण दोन्ही अंगावर येतात. दुसऱ्या दिवशी पाडव्याला सकाळी सातला शिवाजी पार्क गाठावं. मोठी माणसं झोपलेली असतात, नेटमधली पोरं तेवढी आलेली असतात, आणि लांब गेलेला चेंडू आणून द्यायला त्यांना कोणीतरी हवंच असतं.